अडीच फुटांची वाट

सोयाबीन भिजलं की त्याला एक वास येतो. कुबट म्हणावा तर तितका वाईट नाही, ओल्या गोणपाटासारखा म्हणावा तर त्यात थोडा हिरवा कडवटपणाही असतो. भालकीत आमच्या घरामागं आडत बाजार आहे. दसऱ्याच्या आगेमागे दोन दिवस झड लागून मग लख्ख ऊन पडलं, की तो वास खिडकीतून आत येतो. घरात दुसऱ्या कुणाला तो जाणवत नाही. मी मात्र हातातलं काम ठेवते आणि आधी आभाळाकडं बघते, मग फोनकडं. फोन वाजणार नसतो. तरी बघते.

या आठवड्यात तसंच झालं. पेपर तपासत बसले होते. वास आला आणि हात आपोआप फोनकडं गेला. सहा वर्षं झाली, पण अंगाला वर्षं मोजता येत नाहीत.

या दिवसांना आमच्याकडं वेगळं नाव नाही. लोक नुसतं 'काढणी लागली' म्हणतात. शाळेत हजेरी घेताना निम्मी नावं रिकामी जातात. बाया पहाटेच विळे घेऊन टेंपोत चढलेल्या असतात. वाळलेल्या शेंगा हाताला काट्यासारख्या टोचतात, म्हणून त्या बोटांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधतात. बोलायला कुणाला सवड नसते आणि जो बोलतो तो तिरसट बोलतो. कारण एकच, आभाळ. कापून टाकलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला तर शेंगेतच कोंब फुटतात. चार महिन्यांचं पीक एका दुपारी जातं. म्हणून सगळ्यांचे डोळे वर असतात. पायाखाली काय आहे, हे या दिवसांत कुणी बघत नाही.

हणमंतवाडी हे भालकीपासून अर्ध्या तासावरचं गाव. गावाच्या कडेला पत्र्याचं एक लांबट शेड आहे. त्यात आमचं संग्रहालय आहे. 'आमचं' म्हणते खरी, पण ते नागनाथ अप्पांचं. निजामाच्या वेळी कुणा जिनिंगवाल्या शेठनं कापसाच्या गाठी मोठ्या स्टेशनापर्यंत न्यायला इथून एक लहान रेल्वे टाकली होती, असं जुनी माणसं सांगतात. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. लोक तिला 'छोटी' म्हणायचे. बाजाराच्या दिवशी गाठींवर माणसंही बसून जायची, कोंबड्या आणि हरभऱ्याच्या पेंढ्या घेऊन. पुढं जिनिंग बंद पडलं, छोटी थांबली, रूळ उचलले गेले. राहिलं ते हे शेड, आणि शेडपासून ओढ्याच्या पलीकडं जाणारा पाऊण किलोमीटरचा तुकडा. त्या तुकड्यात पूल होता. दगडी खांब, खांबांवर लोखंडी गर्डर, त्यावर आडवे लाकडी स्लीपर, स्लीपरवर रूळ. स्लीपरांच्या मधून खालचं पाणी सरळ दिसायचं.

अप्पा तरुणपणी या लाईनीवर गँगमन होते. नंतर मोठ्या रेल्वेत लागले आणि मुकादम होऊन रिटायर झाले. गावी परतल्यावर त्यांनी छोटीच्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. कुणाच्या गोठ्यातून लाल-हिरव्या काचांचा कंदील आणला, कुणाच्या विहिरीवरून रूळ, कुणाच्या माळवदावरून पितळी शिटी. इंजिन मात्र मिळालं नाही, त्याचं नुसतं धुराडं मिळालं. ते त्यांनी शेडच्या मधोमध उभं केलंय. बघायला आलेल्यांना सांगतात, "हे त्याचं नाक हाय. बाकीचं आंग भंगारात गेलं."

अप्पांचा सगळ्यात जास्त जीव होता तो ढकलट्रॉलीवर. चार चाकं, वर सागवानी फळ्या, मागं धरायला दांडा, बाजूला ब्रेकचा लोखंडी खटका. लाईन तपासायला साहेब तिच्यावर बसायचा आणि गँगमन मागून ढकलत पळायचे. अप्पा दर सोमवारी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तिच्या चाकांना ग्रीस घालायचे. मी भालकीच्या शाळेत इतिहास शिकवते. एकदा सहल घेऊन आले, अप्पांचं बोलणं ऐकत बसले, आणि मग रविवारी येतच राहिले. पुढं संग्रहालयाची पाच जणांची कमिटी झाली, तीत मलाही घेतलं. अप्पा मला 'अक्का' म्हणायचे, लेकीसारखं 'तू' म्हणायचे.

त्या वर्षी श्रावणात एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला पुलावर गेलं. कुजका स्लीपर मोडला आणि मुलीचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. मुलानं काखेत धरून तिला वर ओढलं. तिची चप्पल ओढ्यात पडली, तेवढ्यावर निभावलं. पण बोभाटा झाला. पंचायतीचं म्हणणं आलं, पुलावरचे रूळ काढा, नाहीतर शेडला कुलूप लावतो. हे म्हणणं घेऊन आला तो शरणप्पा, पंचायतीचा मेंबर आणि आमच्या कमिटीतलाही. त्याचं शेत ओढ्याच्या पलीकडं. शरणप्पा वाईट माणूस नव्हता. त्याचं बोलणं सरळ होतं, "टीचर, रूळ गेले तर शेड राहतंय. दोन्ही धरून बसलो तर दोन्ही जातंय."

मला ते पटलं. मी सही केली. कमिटीतल्या इतर तिघांनीही केली. अप्पांची सही नव्हती. "अप्पांना मी सांगते," असं मीच म्हणाले. त्यानंतर दोन रविवार मी शेडवर गेले. एकदा अप्पा पुलावरच्या गवताची मुळं खुरप्यानं काढत होते. एकदा ते मला सांगत होते, की पावसात लाकूड फुगतं तेव्हा रुळाचा खिळा सैल होतो, म्हणून पाऊस संपला की गँगमनला झोप नसायची. मी ऐकलं, चहा प्याले आणि परत आले. तोंड उघडलं नाही.

मग आळंदला अप्पांच्या नातीच्या मुलाचं बारसं निघालं. ते शुक्रवारी जाणार आणि रविवारी सकाळी येणार, ही बातमी शरणप्पाला मीच दिली. "मग शनवारीच काम काढू," तो म्हणाला. "अप्पा नसले तर वाद व्हायचा न्हाई." मी मान हलवली. त्या मान हलवण्याबद्दल मी पुढं खूप विचार केला. सही करताना माझ्याकडं कारणं होती. मान हलवताना नव्हती.

शनिवारी काम अर्धंच झालं. पहाटे कामाला लागलेल्या माणसांना दुपारी पावसानं हाकललं. रात्रभर झड होती. रविवारी सकाळी ऊन पडलं आणि मी गाडी काढून निघाले. अप्पा पुलाकडं जायच्या आत त्यांना गाठायचं, माझ्या तोंडून सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं बायांनी भरली होती. कापलेलं सोयाबीन उलटंपालटं करून वाळवत होत्या, उभं होतं ते घाईनं कापत होत्या. उत्तरेला आभाळ शिसपेन्सिलीनं गिरवल्यासारखं काळं होतं. तिकडं अजून पडत होता.

शेडच्या पायरीवर रशीदभाई बसला होता. हुमनाबादचा गॅसकटरवाला. त्याचा सिलिंडर ताडपत्रीखाली झाकलेला होता. अप्पा पहिल्या गाडीनं आळंदहून आले होते आणि स्टोव्हवर चहा ठेवत होते. हा माणूस शेडच्या गळक्या पत्र्याच्या कामाला आलाय, अशी त्यांची समजूत झाली होती. रशीदभाईनं ती मोडली नव्हती.

"अप्पा, एक सांगायचं होतं," मी म्हणाले.

"आधी चहा घे. बारशाचे पेढे आणलोय."

मी कप हातात घेतला आणि फोन वाजला. शरणप्पा होता. मागं बायांचा कालवा ऐकू येत होता.

"टीचर, कुठं हाव?"

"शेडवर."

"बाईला साप चावलाय. आमच्या रानात. कस्तुराबाईला. घोणस हाय, मी डोळ्यानं बघितलोय. आंबुलन्सला फोन लावलो, निघालीय म्हणायलेत. पर फरशीवर पानी आलंय, छातीइतकं. वरतून लोंढा आलाय. अलीकडं कसं आणायचं, टीचर?"

कस्तुराबाई गावातलीच. चाळिशीची, धिप्पाड, मोठ्यानं हसणारी. तिची दोन मुलं माझ्या एका मैत्रिणीच्या शाळेत होती. ओढा ओलांडायला खालची सिमेंटची फरशी सोडली तर दुसरा रस्ता सात कोसांचा, आणि तोही चिखलाचा.

मी अप्पांना सांगितलं. त्यांनी स्टोव्ह बंद केला. "ट्रॉली काढू," म्हणाले.

तेव्हा रशीदभाई पायरीवरून उठला. त्याचा चेहरा पडला होता. "अप्पा, ठैरो. उधर के पट्ट्यां मैं कल खोल दिया."

दोन रूळ जिथं एकमेकांना भिडतात तिथं दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून बोल्टांनी आवळतात. त्या पट्ट्या.

"कुठल्या जोडाच्या?" अप्पांनी विचारलं.

"पूल उतरते वो जोड. दोनो रूळ के. खिल्ले भी निकाल्या थोडे."

"कुणी सांगितलं तुला?"

"कमिटी का कागद है ना, अप्पा."

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी कप धरून उभी होते. मग ते रशीदभाईला म्हणाले, "बोल्ट कुठं हायत?"

"थैली में."

"घे. पाना, घण, पहार घे. पाचरी मी घेतो."

ट्रॉली आम्ही तिघांनी शेडबाहेर ढकलली. ओल्या रुळांवर चाकं आधी घसरली, मग लागली. कितीतरी वर्षांत ती शेडच्या पुढं गेली नव्हती. चाकांचा आवाज दातांत कचकच व्हावी तसा अंगातून जात होता. पुलाच्या तोंडाशी आल्यावर मी खाली बघितलं आणि पाय थांबले. ओढा ओळखू येत नव्हता. तांबडं, जाड पाणी उसाचं पाचट, प्लास्टिकचा ड्रम, मुळासकट उपटलेली बाभळ घेऊन चाललं होतं. गर्डरपासून पाणी चारएक हात खाली असेल. खांबाला बाभळ धडकली की थरथर रुळात यायची आणि रुळातून ट्रॉलीच्या दांड्यात.

अप्पा पुढं झाले. प्रत्येक स्लीपरवर घणाचा हलका ठोका घालायचे. लाकूड टणकन वाजलं तर पुढचं पाऊल. भद्द आवाज आला तर कोपरीच्या खिशातून विभूतीचा गोळा काढून त्या स्लीपरवर पांढरी रेघ ओढायचे. "रेघंवर पाय द्यायचा न्हाई," ते मागं न बघता म्हणाले. रशीदभाई ढकलत होता, मी त्याच्या मागं. मी रेघा मोजल्या होत्या. जाताना अकरा झाल्या.

पलीकडच्या तोंडाशी जोड उघडा होता. एक रूळ दुसऱ्यापासून बोटभर बाजूला सरकला होता. चाक तिथं आलं असतं तर सरळ खाली. रशीदभाईनं पहार घालून रूळ दाबून धरला. अप्पा गुडघ्यावर बसले, पट्टी लावली, बोल्ट घातले. चारच्या जागी दोनच आवळले. मग दुसरा रूळ. सुटलेल्या खिळ्यांच्या जागी पाचरी ठोकल्या. त्यांच्या हाताला कंप असायचा, कप धरताना चहा सांडायचा. त्या वेळी तो हात हलत नव्हता. माझ्या हातात द्यायला काही नव्हतं, म्हणून मी बोल्टांची थैली धरून उभी होते.

कस्तुराबाईला बाभळीखाली बसवलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होता. कुणीतरी साडीची किनार फाडून घोट्याच्या वर करकचून बांधली होती. मी ती सोडायला गेले तर एक म्हातारी माझा हात धरायला लागली. "सोडू नको गं, इख वर चढंल!" शाळेत शिकवलेलं आठवत होतं, एवढं घट्ट बांधलं तर पाय कामातून जातो. मी किनार सोडली. म्हातारी रडायला लागली.

शरणप्पा म्हणाला, "अप्पा, मी पाठीवर घेऊन येऊ का?"

"एका फळीवर दोघांचं वजन? आन् तिला हालवायचं न्हाई. ट्रॉलीवर निजव. वजन चार चाकांवर पसरतंय. पल्याडची माणसं पल्याडच थांबा. पुलावर चौघंच. ही, मी, ह्यो भाई आन् टीचर."

'टीचर.' त्या गडबडीतही मला तो शब्द ऐकू आला.

तिला आडवं केलं. पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सोयाबीनच्या पेंढ्या लावल्या, वरून पदरानं सैल बांधलं. अप्पा पुढं, मी त्यांच्या मागं, मग ट्रॉली आणि ढकलणारा रशीदभाई. जाताना रिकामी ट्रॉली खडखडत होती. आता ती गप्प होती आणि आवाज लाकडांतून येत होता, करकर, जुन्या बाजेवर कुणी कूस बदलावी तसा.

तिसऱ्या गाळ्यावर, दोन खांबांच्या मधे, एक स्लीपर मोडला. आवाज मोठा नव्हता, पण डावा रूळ दिसेल इतका खाली दबला. "थांब!" अप्पा ओरडले. रशीदभाईनं खटका ओढला. ट्रॉली एका अंगाला कलून उभी राहिली. खाली पाणी. मागं पलीकडच्या काठावर माणसं.

अप्पा रुळांच्या मध्ये पोटावर झोपले आणि डोकं खाली घालून गर्डरकडं बघायला लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पुराच्या वर, स्लीपरांच्या फटीतून डोकं खाली. किती वेळ बघत होते ते मला सांगता येत नाही. मी मागं सरकून ट्रॉलीजवळ आले आणि कस्तुराबाईचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"टीचर, मला खाली बघू देऊ नगा," ती म्हणाली.

"वर बघा. माझ्याकडं बघा."

"तोंडात खारट लागायलंय." ती बाजूला थुंकली. लाल होतं. तिनं ते बघितलं. "मी तर पान खाल्ले न्हाई. मग लाल कामून हाय?"

मला उत्तर माहीत होतं. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून यायला लागतं. मी म्हणाले, "बोलू नका. पोहोचलोच आपण." त्या दिवशीचं हे माझं दुसरं खोटं. पहिलं मी न बोलता बोलले होते.

अप्पा उठून बसले. त्यांनी मोडक्या स्लीपरच्या बाजूनं रूळ आणि गर्डर यांच्यामध्ये एक पाचर बसवली, वर दुसरी उलटी बसवली, आणि घण घालायला लागले. प्रत्येक घणाला सगळा पूल दचकायचा. चार, पाच, सहा. रूळ थोडा वर आला. पूर्ण नाही.

"भाई," ते रशीदभाईला म्हणाले, "आता एकदा हालली की थांबायचं न्हाई. काय बी वाजलं तरी थांबायचं न्हाई. कळलं?"

"हौ, अप्पा."

"टीचर, तुम्ही म्होरं व्हा. माझ्या म्होरं. रेघा बघून चला, काठ येईस्तोवर मागं बघू नका."

"आणि तुम्ही?"

"मी पाचर धरतो."

ते पाचरीवर पाय दाबून, रुळाच्या बाहेरच्या अंगाला, एका हातानं गर्डरचा पत्रा धरून उभे राहिले. मी चालायला लागले. पांढऱ्या रेघा पावलांखालून मागं जात होत्या. मागं खटका सुटल्याचा आवाज आला, मग चाकांचा, मग लाकूड फुटल्याचा एक लांब आवाज. मी मागं बघितलं नाही. हे मी शहाणपणानं केलं नाही. मान वळतच नव्हती. मग पायाला खडी लागली, मी काठावर होते, आणि माझ्या शेजारून ट्रॉली धडधडत पुढं गेली. रशीदभाई तिच्या मागं पळत होता. तेव्हा मी वळले. अप्पा पुलावर होते, तिथंच, वाकून. हळूहळू सरळ झाले आणि रेघा चुकवत अलीकडं आले. येताना त्यांनी घण सोबत आणला.

आंबुलन्स शेडपाशी येऊन थांबली होती. मी कस्तुराबाईसोबत आत बसले. भालकीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले आणि औषध सुरू झालं. संध्याकाळी तिला बीदरला हलवलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोळा दिवस ती डायलिसिसच्या मशीनवर होती आणि आम्ही रोज फोन करून विचारत होतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती घरी आली, पाय ओढत, निम्म्या वजनाची. दारात उभी राहून पोरांना म्हणाली, "बघायलाव काय? पानी द्या." घरच्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी रडले.

गाव मात्र तोवर वेगळ्याच रंगात गेलं होतं. ट्रॉलीला झेंडूचे हार पडले. लांबलांबची माणसं पूल बघायला आली. आणि ज्या शरणप्पानं रूळ काढायचा कागद फिरवला, तोच आता म्हणत होता, "पूल राखायचा. दर पावसाळ्यात उपयोगी येतंय. ट्रॉलीला दोघं माणसं नेमू."

शेडमध्ये बैठक झाली. सगळे बोलून झाल्यावर अप्पा म्हणाले, "काढा."

"काय काढा?"

"पूल. रूळ, स्लीपर, सगळं."

शरणप्पाला वाटलं, अप्पा रागानं बोलतायत. तो हात जोडायला लागला. "अप्पा, आमचं चुकलं. तुमी आयुष्य घातलाव यात."

"म्हणून तर सांगायलोय. त्या दिशी मी खालून बघितलोय. गर्डर खांबावर टेकतंय तिथं लोखंड पापडासारखं झालंय. बाई पार झाली ती नशिबानं झाली. म्होरल्या वर्षी तुमी चार माणसं बसवून न्याल. मग त्यांच्या घरी जाऊन कोण सांगनार, मी का तू?"

ज्या माणसापासून लपवून आम्ही जे करत होतो, ते तो उजळ माथ्यानं करा म्हणत होता. मी खाली बघत होते.

त्या दिवसांत अप्पा माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. रविवारी गेले की खुर्ची द्यायचे. "टीचर, तुम्ही बसा. तुम्ही चहा घेणार का?" सगळं असं अदबीनं बोलायचे. मी बसायचे, चहा प्यायचे, आणि जे सांगायचं ते पुन्हा घेऊन परत जायचे. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. जो 'तुम्ही' म्हणतो त्याच्या दारात उभं कसं राहायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला पुलाचं काम निघालं. तूर काढणीला आली होती, रानं पिवळी-तपकिरी, ओढ्यात घोट्याइतकं पाणी. रशीदभाई आला होता, पण पलीकडच्या जोडाचे बोल्ट त्याला अप्पा कापू देईनात. हातानंच खोलायचे म्हणाले. मी त्यांच्या मागोमाग फरशीवरून पलीकडं गेले. ते गुडघ्यावर बसले. मी उभी राहिले आणि त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाले,

"अप्पा, कागदावर माझी सही होती. आणि तुम्ही आळंदला जाणार हे शरणप्पाला मीच सांगितलं."

पाना फिरायचा थांबला.

"ठावं हाय," ते म्हणाले. "कागद भाईच्या खिशात होता. त्याच दिशी वाचलो."

"मग बोललात कामून नाही?"

"तू बोलशील म्हणून वाट बघायलो."

वाऱ्यानं तुरीच्या शेंगा खुळखुळल्या. अप्पा माझ्याकडं वळले. "हे बघ. पूल काढायचाच होता. तुझं बरोबर होतं, माझं चूक होतं. तू येऊन सांगितली आसतीस तर मी भांडलो आसतो, चार दिवस जेवलो नसतो, आन् मग काढ म्हणलो आसतो. ते भांडण तू माझ्यापासून काढून घेतलीस. तेवढंच दुखलं."

त्यांनी पाना पुन्हा बोल्टवर बसवला.

"आता उभी राहू नको. मागच्या बाजूनं नट धर, निस्ता गरगरा फिरायलाय."

मी चिखलात बसून दुसऱ्या पान्यानं नट धरला. अप्पांनी जोर लावला. गंजलेला बोल्ट आधी कुरकुरला, मग सुटला. चार बोल्ट होते. आम्हाला दुपार लागली.

आता ओढ्यावर सरकारी पूल आहे, सिमेंटचा, रुंद. आमचे रूळ अलीकडच्या काठावर संपतात. तिथं स्लीपरांचा आडवा ठोकळा लावलाय. कस्तुराबाई शेडची झाडलोट करते, चाव्या तिच्याकडंच असतात. परवाच्या रविवारी तो ओला वास असताना मी गेले होते. उदगीरच्या एका शाळेची सहल आली होती. मुलींना मी ठोकळ्यापर्यंत नेलं आणि त्या दिवसाची गोष्ट सांगितली. हल्ली मी ती पूर्ण सांगते. सही कुणाची होती, तेही सांगते.

एका मुलीनं विचारलं, "मग अप्पा तुमच्यावर रागावले नाहीत?"

"रागावले," मी म्हणाले. "तीन महिने."

अप्पा मागं खुर्चीवर बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलेत.

"चार," ते म्हणाले.